ऑल टेरेन वाहनाचा झिजलेला मागील शॉकअप : दुरुस्ती की बदल? एक विवेचन

प्रस्तावना

पदार्थविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात अवमंदित दोलनांचे प्रकरण बहुतेक सर्वत्र शिकविले जाते. स्प्रिंगला टांगलेले वजन, त्याच्या गतीस होणारा विरोध, हळूहळू लहान होत जाणारे हेलकावे आणि त्यांचा आलेख एवढ्यावर ते प्रकरण संपते. विद्यार्थी समीकरण सोडवितात आणि परीक्षेनंतर ते विसरतात. महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या प्रत्येक दुचाकीच्या मागील चाकाशी हेच समीकरण तेलात बुडवून बसविलेले आहे, याची आठवण त्यांना क्वचितच करून दिली जाते. पुस्तकात या भागास धक्काशोषक म्हणतात, तर गॅरेजच्या भाषेत तो 'शॉकअप' होय. प्रस्तुत लेखात हाच रूढ शब्द वापरला आहे.

रायगड जिल्ह्यातील अलिबाग-नागाव परिसराच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरविणाऱ्या चार जाड टायरांच्या उघड्या गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. ऑल टेरेन व्हेईकल म्हणजेच एटीव्ही ती हीच. प्रस्तुत लेखकाच्या मावसभावाचा कोकणातील एका किनाऱ्यावर हा व्यवसाय आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची एक गाडी वाळूच्या लहानशा उंचवट्यावरून जात असता तिची मागची बाजू एकाएकी उसळली आणि चालविणारा पर्यटक हँडलवरून पुढे फेकला गेला. मनगटाच्या हाडावर निभावले. चौकशी करता असे समजले की, गाडीची मागची बाजू वर्षभर 'बसत' होती आणि प्रत्येक वेळी शॉकअपवरील स्प्रिंगची चकती एक-दोन आटे आवळून ती वर आणली जात होती. "अजून चार आटे शिल्लक आहेत, दादा," असे त्याने अगदी निर्धास्तपणे सांगितले. हा लेख त्या चार आट्यांविषयी आहे.

वाहन आणि त्याची मागची बाजू

होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत आणलेली 'यूएस ९०' ही तीनचाकी या वाहनप्रकाराची पूर्वज मानली जाते. पुढे ती 'एटीसी ९०' या नावाने प्रसिद्धीस आली. तिला शॉकअप नव्हतेच. कमी हवेचे फुगीर टायर हाच काय तो धक्क्यावरील उपाय होता. टायर धक्का झेलतो, पण झेललेली बहुतांश ऊर्जा चेंडूसारखी परतही करतो. १९८० च्या दशकात चारचाकी रचना आणि पुरेशी निलंबन व्यवस्था दोन्ही आल्या. तीनचाकींच्या अपघातांमुळे अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात १९८८ साली न्यायालयीन करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री तेथे थांबली.

क्रीडा प्रकारच्या एटीव्हीत मागील दोन्ही चाके बहुधा एकाच सलग आसावर असतात. तो आस स्विंग आर्मवर आणि स्विंग आर्म एकाच मध्यवर्ती शॉकअपवर टेकलेला असतो. म्हणजे गाडीच्या मागच्या निम्म्या भागाचा सारा भरवसा एका नळकांड्यावर आहे. पुढील व मागील आसांतील अंतर साधारण सव्वा मीटर, चालकासह गुरुत्वमध्य उंच आणि चालकास बांधून ठेवणारा पट्टा नाही. मोटारीचा एक शॉकअप निकामी झाला तर प्रवास त्रासाचा होतो; येथे मनुष्य फेकला जातो.

आणखी एक गोष्ट रचनेतच दडलेली आहे. चाक जेवढे वर-खाली होते त्यापेक्षा शॉकअप पुष्कळ कमी दबतो. समजा, चाकाची चाल २०० मिलिमीटर आणि शॉकअपची ८० मिलिमीटर आहे. हे गुणोत्तर अडीच. तरफेच्या नियमानुसार शॉकअपवर येणारे बल चाकावरील बलाच्या अडीचपट असते. आणि स्प्रिंगची कडकता वा तेलाचा विरोध चाकापाशी जाणवतो तो अडीचच्या वर्गाने, म्हणजे सव्वासहा पटीने, कमी होऊन. शॉकअपच्या डोळ्यातील बुश एक मिलिमीटर झिजला तर चाक अडीच मिलिमीटर मोकळे हलते. गॅरेजमध्ये ज्यास 'थोडासा प्ले' म्हणून सोडून दिले जाते, तो थोडासा नसतो तो यामुळे.

दोन कामे, दोन अवयव

शॉकअप ही एक वस्तू दिसत असली तरी तीत दोन स्वतंत्र अवयव आहेत. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठविते. आतील अवमंदक, म्हणजे तेलात फिरणारा दट्ट्या, त्या साठविलेल्या ऊर्जेची उष्णता करून तिचा निचरा करतो. स्प्रिंगला ऊर्जा नाहीशी करता येत नाही आणि अवमंदकाला वजन पेलता येत नाही. ही श्रमविभागणी एकदा ध्यानात आली की पुढील बराचसा विचार आपोआप स्पष्ट होतो.

अवमंदकातील दट्ट्यास छिद्रे असतात आणि त्या छिद्रांवर पोलादाच्या अतिशय पातळ, वर्तुळाकार चकत्यांची चळत बसविलेली असते. केवळ छिद्रे असती तर वेग वाढताच विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढून गाडी दगडावर आदळल्यासारखी थडकली असती. तेलाचा दाब वाढताच चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि विरोध आटोक्यात राहतो. दबताना एका बाजूची चळत काम करते, उलगडताना दुसऱ्या बाजूची. स्प्रिंग दबून साठविलेली ऊर्जा परत देते ती उलगडतानाच, म्हणून उलगडण्याचा विरोध अधिक ठेवलेला असतो. झीज झाल्यावर सर्वांत घातक ठरतो तो याच विरोधाचा ऱ्हास.

दट्ट्या वेगाने सरकला की त्याच्या पाठीमागे दाब घटून तेलात बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्यांतून दट्ट्या जवळजवळ विनाविरोध जातो. हे टाळण्यासाठी तेल कायम दाबाखाली ठेवतात. फ्रेंच अभियंते द कार्बों यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत तेल आणि वायू यांच्यामध्ये एक तरता दट्ट्या असून त्याच्या पलीकडे नायट्रोजन भरलेला असतो. एटीव्हीच्या शॉकअपमध्ये हा दाब सामान्यतः दर चौरस इंचास १५० ते ३०० पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहा ते वीसपट असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या कार्यपुस्तिकेतूनच घ्यावा.

नायट्रोजनच का, याविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. नायट्रोजन तापला तरी फुगत नाही, असे सांगितले जाते. वायूंचे नियम त्यास कोणतीही सवलत देत नाहीत. शॉकअप ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३६३ होते आणि निरपेक्ष दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, मग वायू कोणताही असो. नायट्रोजनचा खरा गुण असा की तो कोरडा असतो आणि तेलाशी व रबराशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. साध्या पंपाच्या हवेत बाष्प असते आणि ऑक्सिजनही. उच्च दाबाखालील ऑक्सिजन व तेल यांची संगत टाळलेलीच बरी.

झीज नेमकी कशाची होते?

पोलादी स्प्रिंग सहसा थकत नाही. फार वर्षांनी ती किंचित आखूड होते. मोकळी लांबी मोजून कार्यपुस्तिकेतील आकड्याशी ताडता येते. झीज होते ती तेलाची, सीलची, दट्ट्यावरील पट्टीची, बुशची आणि दांड्याच्या क्रोम मुलाम्याची. तेल तापून-तापून पातळ पडते, त्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळते व ते करडे होते. तरत्या दट्ट्याचे सील गेले तर नायट्रोजन तेलात शिरतो आणि तेल फेसाळते. यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला की तो 'गेला' असे समजतात. वस्तुतः ओघळ हे शेवटच्या टप्प्याचे लक्षण आहे. अवमंदन त्याच्या पुष्कळ आधी संपत आलेले असू शकते.

किनाऱ्यावर याची गती वाढते. वाळूचा कण दांड्यास चिकटून आत जातो आणि बाहेरचे धूळ-सील कापतो. खारे पाणी क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून खालच्या पोलादास गंजविते. मुलाम्याखाली गंज फुगून टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. प्रत्येक हेलकाव्यास तो खड्डा सीलच्या ओठावरून कानशीसारखा फिरतो. अशा दांड्यावर कितीही चांगले नवे सील बसविले तरी ते थोडेच दिवस टिकते. दिवसाअखेर गोड्या पाण्याने धुणे हा यावरचा साधा उपाय. मात्र सर्व्हिसिंग सेंटरवरील जोरदार फवारा थेट सीलवर मारला की पाणी आत ढकलले जाते.

आता चकती आवळल्याने काय होते ते पाहू. चकती आवळणे म्हणजे स्प्रिंगचा पूर्वताण वाढविणे. त्याने स्प्रिंगची कडकता बदलत नाही. तेवढ्याच वजनाखाली स्प्रिंग तेवढीच दबते, फक्त गाडीची मागची बाजू उंच होते. मागची बाजू 'बसते' हे लक्षण तात्पुरते झाकले जाते इतकेच. उलट दोन हानी होतात. चालक बसल्यावर गाडीने आपल्या चालीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खाली बसावे, अशी अपेक्षा असते; २०० मिलिमीटर चालीत ५० ते ६५ मिलिमीटर. तेवढे बसल्यामुळेच खड्डा आल्यावर चाक खाली उतरून जमीन धरू शकते. अती आवळल्यावर ही जागा उरत नाही आणि चाक अधांतरी राहते. दुसरे म्हणजे, मागची बाजू व तिच्याबरोबर गुरुत्वमध्य आणखी उंच व पुढे जातो. अवमंदन संपलेल्या गाडीत हे करणे म्हणजे धनुष्याची दोरी ताणून ठेवण्यासारखे आहे.

वर्गातील समीकरण येथे आकड्यांत बोलते. अवमंदन गुणोत्तर ०.३ असता एका पूर्ण दोलनानंतर हेलकावा मूळच्या सुमारे १४ टक्के, म्हणजे एक-सप्तमांश उरतो. तेच गुणोत्तर ०.१ वर घसरले तर ५३ टक्के उरतो, आणि ०.०५ वर ७३ टक्के. पहिल्या गाडीचा उंचवट्यावरचा हेलकावा दुसऱ्या उंचवट्यापूर्वी विरलेला असतो. तिसऱ्या गाडीत तो पुढच्या हेलकाव्यात मिसळतो. वाळूवरील ओळीने आलेल्या उंचवट्यांवर ही बेरीज चालकाच्या पाठीवर येते.

परीक्षा

मागील बाजू दोन्ही हातांनी दाबून सोडावी. ती वर येऊन फार तर एकदा किंचित खाली जाऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर अवमंदन गेले. ही परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. कमी माहीत असलेली परीक्षा उष्णतेची. वीस मिनिटे खडबडीत जागी गाडी चालवून आल्यावर शॉकअपच्या नळकांड्यास हात जपून लावून पाहावा. काम करणारा अवमंदक गरम झालेलाच असतो, कारण ऊर्जेचा निचरा उष्णतेच्या रूपानेच होतो. तो थंड असेल तर ती ऊर्जा अन्यत्र, बहुधा चालकाच्या मणक्यात, गेली आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे यापेक्षा स्वस्त प्रात्यक्षिक प्रस्तुत लेखकास तरी सापडलेले नाही.

तिसरी परीक्षा शॉकअप उतरवून व स्प्रिंग काढून घ्यावयाची. दांडा हाताने आत दाबावा. विरोध सर्व चालीत एकसारखा असावा, मध्येच 'पोकळ' लागू नये, आतून गुळगुळ आवाज येऊ नये. सोडल्यावर दांडा स्वतःहून सावकाश बाहेर यावा. दांड्याचा व्यास १४ मिलिमीटर व वायूचा दाब दर चौरस इंचास २०० पौंड धरला तर दांड्यास बाहेर ढकलणारे बल सुमारे साडेएकवीस किलो वजनाएवढे भरते. दांडा आत जाऊन तेथेच राहिला तर वायू निघून गेला आहे. मात्र या परीक्षेआधी गाडीवर असतानाच मागची बाजू वर-खाली हलवून स्विंग आर्मचे बेअरिंग व दोन्ही टोकांचे बुश पाहून घ्यावेत. त्यांच्या खडखडाटाचा दोष शॉकअपच्या माथी मारून नवा शॉकअप घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

दुरुस्ती

गाडी इंजिनाखाली किंवा चौकटीखाली भक्कम घोड्यावर उचलावी, म्हणजे मागील चाके लोंबकळतील आणि शॉकअपवर भार राहणार नाही. आसाखाली लाकडी ठोकळा ठेवून खालचा बोल्ट आधी काढावा, मग वरचा. सोडण्यापूर्वी चकतीच्या वर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवावे. पुढे तीच नोंद उपयोगी पडते. स्प्रिंग काढण्यासाठी स्प्रिंग दाबणारे योग्य साधनच वापरावे. कडकता दर मिलिमीटरला ८० न्यूटन आणि पूर्वताण १० मिलिमीटर असला तरी ती ८० किलोच्या आसपास बलाने दाबलेली असते. दोरीने बांधून वा पान्याने अडवून ती काढण्याचे प्रयोग करू नयेत.

येथून पुढचे काम घरच्या अंगणात करावयाचे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नायट्रोजन पूर्णपणे सोडल्याखेरीज शॉकअपचा कोणताही भाग उघडल्यास झाकण गोळीसारखे सुटू शकते. व्हॉल्व्ह स्वतःपासून व इतरांपासून दूर रोखून, डोळ्यांवर चष्मा लावून वायू सोडतात. मग सील धरणारे झाकण आत ढकलून खालील सर्क्लिप काढतात आणि दांडा दट्ट्यासह बाहेर घेतात. तेल पांढऱ्या ताटलीत ओतून पाहावे : करडे असेल तर झीज, दुधाळ असेल तर पाणी वा वायू. चकत्यांची चळत उघडावी लागल्यास त्यांचा क्रम तारेत ओवून तसाच जपावा. एक चकती उलटसुलट झाली तरी शॉकअपचा स्वभाव बदलतो, आणि तो का बदलला हे नंतर कोणास सांगता येत नाही.

दांडा काचेच्या सपाट तुकड्यावर लोळवून सरळ आहे का ते पाहतात. नखास लागेल असा खड्डा असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवून तो जात नाही. पेपरने फक्त वर आलेली कोर निघते. तेव्हा दांडा नवा घ्यावा किंवा हार्ड क्रोम करून घासून मापात आणावा. पुणे, कोल्हापूर यांसारख्या औद्योगिक शहरांत हे काम होते. नंतर नवी सील, ओ-रिंग, दट्ट्याची पट्टी, नेमून दिलेल्या श्रेणीचे नवे तेल. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वर-खाली करून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबावे लागते, आणि घाई होते ती नेमकी येथेच. तरता दट्ट्या ठरलेल्या खोलीवर बसवून नायट्रोजन भरला की काम संपले.

मावसभावाच्या गाडीबाबत ही पायरी प्रथम चुकली. जवळच्या गावातील एका गॅरेजवाल्याने नायट्रोजन उपलब्ध नाही म्हणून टायर भरण्याच्या पंपाची हवा भरली. तो पंप मुळात एवढा दाब देतच नाही. शॉकअप दोन दिवस उत्तम चालला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फेसाळला. तेव्हा दुरुस्तीचा विचार करताना प्रथम प्रश्न विचारावा तो सीलच्या किमतीचा नव्हे. दाब मोजून नायट्रोजन भरणारी व्यवस्था आवाक्यात आहे का, हा.

बदल

काही शॉकअप मुळात उघडण्यासाठी केलेलेच नसतात. त्यांचे तोंड दाबून किंवा वेल्डिंगने बंद केलेले असते. स्वस्त गाड्यांतून हे विशेष आढळते. ते कापून, व्हॉल्व्ह जोडून पुन्हा भरून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्या हातच्या कौशल्याविषयी आदर बाळगूनही, उच्च दाबाच्या पात्रावर अशी जोडणी करू नये असेच म्हणावे लागते. नळकांडे आतून ओरखडलेले असेल, दांडा वाकलेला असेल किंवा बाहेरून चेपले असेल तरीही बदल हाच मार्ग. मागे दोन स्वतंत्र शॉकअप असलेल्या कामाच्या एटीव्हीत दोन्ही एकदमच बदलावेत. एका बाजूस नवा व एका बाजूस जुना ठेवल्यास गाडी वळणावर एका अंगाला वेगळी आणि दुसऱ्या अंगाला वेगळी वागते.

नवा घेताना दोन्ही डोळ्यांच्या मध्यांमधील लांबी, दांड्याची चाल, स्प्रिंगची कडकता, बुशची रुंदी आणि बोल्टचा व्यास एवढे जुळले पाहिजे. 'थोडा लांब आहे, पण बसतो' हे शब्द ऐकले की सावध व्हावे. वरील अडीचच्या गुणोत्तराने १० मिलिमीटर लांब शॉकअप मागील बाजू २५ मिलिमीटर उंच करतो आणि साखळीचा ताणही बदलतो. मोटारसायकलचा शॉकअप बसविणे तर त्याहून वाईट. त्याची स्प्रिंग वेगळ्या वजनासाठी व वेगळ्या गुणोत्तरासाठी केलेली असते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील सहकाऱ्यांसाठी येथे एक नोंद. २००७ साली पीथमपूर येथे सुरू झालेल्या बाजा एसएई इंडिया स्पर्धेसाठी विद्यार्थी एका आसनाची अशीच वाहने बांधतात. त्यांत अनेकदा स्प्रिंगऐवजी दाबाखालील हवेवर चालणारे शॉकअप असतात. तेथे हवा हीच स्प्रिंग. कार्यशाळेच्या कोपऱ्यात वर्षभर उभ्या राहिलेल्या वाहनाची हवा सीलमधून हळूहळू निघून जाते, आणि पुढील वर्षाचा संघ त्यास 'अवमंदन बिघडले' असे निदान करून नवे मागवितो. प्रथम दाब मोजावा. त्यासाठी टायरचा नव्हे, शॉकअपचा बारीक पंप लागतो.

बसविल्यानंतर बोल्ट कार्यपुस्तिकेतील टॉर्कने आवळावेत, डोळ्यांत ग्रीस असावे, आणि टायरची हवा पाहावी. एटीव्हीच्या टायरमध्ये दर चौरस इंचास चार-पाच पौंड एवढीच हवा असते. मोटारीच्या मापकावर ती नीट वाचताही येत नाही, म्हणून ती सर्रास दुप्पट-तिप्पट भरली जाते आणि शॉकअपचे काम वाढते. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

मावसभावाच्या गाडीचा दांडा अखेरीस हार्ड क्रोम करून आणला, नायट्रोजन पुण्याहून भरून आणला आणि चालकास बसवून गाडी किती बसते ते फूटपट्टीने मोजले. त्यासाठी चकती पूर्वीपेक्षा सात आटे सैल करावी लागली. तिच्या कडेवर आणि नळकांड्यावर मिळून त्याने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. ती रेघ तुटलेली दिसली तर गाडी त्या दिवशी वाळूवर उतरत नाही.